संगणक, रोजगार आणि शालेय शिक्षण

संगणकाच्या प्रसारामुळे कामधंद्यांच्या स्वरूपात होणारे बदल आणि त्या बदलांना अनुसरून शाळांनी द्यावयाची कौशल्ये, हा अर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र या दोहोंच्या सीमेवरील विषय आहे. ‘संगणकामुळे किती नोकऱ्या जातील’ अशा स्वरूपात या विषयाची चर्चा बहुधा होते. परंतु संगणक सामान्यतः एखादा संपूर्ण व्यवसाय नव्हे, तर त्या व्यवसायातील नियमबद्ध टप्पे आपल्याकडे घेतो. उरलेल्या टप्प्यांपैकी काही पूर्वीच्याच कामगाराकडे राहतात, तर काही सेवा घेणाऱ्या सामान्य नागरिकाकडे सरकतात. या दुसऱ्या प्रकारच्या बदलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ग्रामीण भागात मात्र तोच अधिक दूरगामी ठरला असून शाळेने काय शिकवावे, या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या पूर्व भागातील भंडारा जिल्ह्याच्या अनुषंगाने केला आहे.

भंडारा जिल्हा वैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. १ मे १९९९ रोजी जुन्या जिल्ह्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा वेगळा करण्यात आला. सध्याच्या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. तीपैकी सुमारे चार पंचमांश लोक खेड्यांत राहत होते, तर साक्षरतेचे प्रमाण ८३.७६ टक्के होते. मालगुजारी तलावांच्या पाण्यावर होणारे धान हे येथील प्रमुख पीक होय. त्याखेरीज विडी वळणे, तेंदूपाने गोळा करणे, मोहाडी व आंधळगाव परिसरातील कोशाचे विणकाम, भंडारा शहरातील पितळी भांड्यांचा धंदा आणि गोड्या पाण्यातील मासेमारी हे जुने व्यवसाय आहेत. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनिजच्या खाणी, वरठीचा पोलाद कारखाना व जवाहरनगरचा दारूगोळा कारखाना हे आधुनिक उद्योग होत. शेती, हस्तोद्योग, खाण, कारखाना व सरकारी कचेरी हे सर्व एकाच लहान जिल्ह्यात आढळत असल्यामुळे संगणकाचा निरनिराळ्या कामांवर होणारा निरनिराळा परिणाम येथे एकत्र पाहता येतो.

व्यवसाय आणि काम : प्रत्येक व्यवसाय हा अनेक लहान कामांचा समुच्चय असतो. बँकेतील रोखपाल नोटा मोजतो, सही ताडून पाहतो, खातेवहीत नोंद करतो आणि निरक्षर खातेदाराला त्याची शिल्लक समजावूनही सांगतो. यांपैकी नोटा मोजणे व नोंद करणे ही कामे ठरावीक नियमांनी होतात. त्यांचे टप्पे आधी लिहून ठेवता येतात. टप्पे लिहिता आले, की त्यांची आज्ञावली करता येते व काम यंत्राकडे सोपविता येते. समोरच्या माणसाची अडचण ओळखणे, संशयास्पद व्यवहार हेरणे, नियमात न बसणाऱ्या प्रसंगी निर्णय घेणे ही कामे अशा रीतीने लिहून काढणे कठीण असते. डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही व रिचर्ड मर्नेन या अमेरिकन अभ्यासकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नियमबद्ध व नियमबाह्य कामांतील हा भेद पद्धतशीरपणे मांडला.

या भेदाचे महत्त्व पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल. कार्ल फ्राय व मायकेल ऑझ्बर्न यांनी २०१३ मध्ये संपूर्ण व्यवसाय हा घटक धरून अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार यांत्रिकीकरणाच्या मोठ्या धोक्यात असल्याचा अंदाज वर्तविला. २०१६ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेसाठी केलेल्या अभ्यासात व्यवसायातील सुटी कामे हा घटक धरण्यात आला, तेव्हा २१ देशांसाठी हे प्रमाण सरासरी ९ टक्के एवढेच निघाले. ‘व्यवसाय नष्ट होणे’ आणि ‘व्यवसायातील काही कामे बदलणे’ या दोन गोष्टी एक मानल्यास निष्कर्षांत केवढे अंतर पडते, हे यावरून दिसून येते.

ऐतिहासिक आढावा : विणकाम व संगणक यांचा संबंध जुना आहे. फ्रान्समधील झोझेफ मारी झाकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रित पत्रकांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग तयार केला. ‘जकार्ड’ या नावाने तो भारतीय विणकरांच्याही परिचयाचा आहे. पत्रकावरील छिद्रांत आज्ञा साठविण्याची हीच कल्पना पुढे हर्मन हॉलरिथ याने १८९० च्या अमेरिकन जनगणनेत माहितीच्या मोजणीसाठी वापरली. इलेक्ट्रॉनीय संगणक येण्यापूर्वी वेधशाळांत व गणिती संस्थांत आकडेमोड करणाऱ्या माणसांनाच इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणत असत. आज यंत्राचे असलेले हे नाव मुळात एका व्यवसायाचे होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार केलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक बसविण्याच्या योजनेला कर्मचारी संघटनांनी, विशेषतः कलकत्त्यात, तीव्र विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९७२ मध्ये अहवाल दिला. बँकांमध्ये १९८३ साली व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि सी. रंगराजन समितीच्या १९८४ मधील शिफारशींनंतर त्याला गती मिळाली. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८६ पासून दिल्लीतून सुरू होऊन क्रमाने देशभर पसरले. या काळात विरोधाचे मुख्य कारण नोकऱ्या जाण्याची भीती हे होते. प्रत्यक्षात बँकांतील व रेल्वेतील कारकुनी काम बदलले, तरी कामावर असलेल्यांची सरसकट हकालपट्टी झाली नाही. मात्र त्या कामांसाठी पुढच्या पिढीला पूर्वीएवढ्या जागा राहिल्या नाहीत. संगणकाचा भार आजच्या नोकरदारापेक्षा उद्याच्या उमेदवारावर अधिक पडतो. म्हणूनच हा प्रश्न कामगार संघटनांइतकाच शाळांचाही आहे.

काही व्यवसाय मात्र संपूर्ण लोपले. शिशाचे खिळे जुळविणारे अक्षरजुळारी हे त्याचे ठळक उदाहरण होय. देवनागरीतील जोडाक्षरे, काने-मात्रा व रफार यांचे शेकडो खिळे कोणत्या घरात आहेत, हे न पाहता हात तेथे नेण्याची त्यांची कला संगणकीय अक्षरजुळणीमुळे निरुपयोगी ठरली. तथापि त्यांपैकी ज्यांना शुद्धलेखन, पानाची मांडणी व मुद्रितशोधन यांची उत्तम जाण होती, त्यांना नव्या यंत्रासमोरही काम मिळू शकले. हाताचा वेग गेला, भाषेची जाण उपयोगी पडली.

याहून बोधप्रद उदाहरण सार्वजनिक दूरध्वनी केंद्रांचे आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने विकसित केलेल्या अंकीय दूरध्वनी केंद्रांमुळे ग्रामीण भागात दूरध्वनी पोहोचला. गावोगावी पिवळ्या पाट्यांची एस्‌टीडी केंद्रे उभी राहिली व अनेकांना, विशेषतः अपंग व्यक्तींना, उपजीविका मिळाली. भ्रमणध्वनी (मोबाइल) स्वस्त होताच काही वर्षांत ही केंद्रे नाहीशी झाली. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवाही बंद झाली. टंकलेखनाचाही असाच प्रवास झाला. तालुक्याच्या गावी टंकलेखन संस्थेत मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांची परीक्षा देणे हा कारकुनी नोकरीचा राजमार्ग होता. पुढे यांत्रिक टंकयंत्रावरील शासकीय परीक्षेची जागा संगणक-टंकलेखनाने घेतली. एका यंत्रावर आधारलेले कौशल्य माणसाच्या नोकरीच्या कालावधीपेक्षा अल्पायुषी ठरू शकते, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

जिल्ह्यातील कामधंद्यांवरील परिणाम : (१) जमिनीच्या नोंदी : शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सात-बारा. तो तलाठी (या भागात रूढ असलेले नाव पटवारी) हाताने लिहून देत असे. नोंदींच्या संगणकीकरणानंतर १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सात-बारा आंतरजालावरून मिळू लागला. नक्कल लिहून काढण्याचे काम त्यामुळे संपले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून भ्रमणध्वनीवर खाते, गट क्रमांक, हंगाम, पीक व क्षेत्र नोंदवून पिकाचे छायाचित्र पाठवावे, अशी व्यवस्था करण्यात आली. पूर्वी पटवारी बांधावर येऊन जी नोंद करीत असे, ती करण्याची जबाबदारी अशा रीतीने शेतकऱ्याकडे आली. हे काम वेतनाचे नाही, त्याला कोणी रोजगार म्हणत नाही. पण ते चुकले, तर पीकविमा, नुकसानभरपाई व धानाची विक्री या तिन्हींवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

(२) धानखरेदी : आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी शेतकऱ्याला आधी संगणकीय नोंदणी करावी लागते. सात-बारा, आधार व बँक खाते यांतील नावे व आकडे परस्परांशी जुळावे लागतात. येथे माणसाचे व यंत्राचे वाचन यांतील फरक स्पष्ट होतो. एका कागदावर ‘नत्थू’ व दुसऱ्यावर ‘नथू’ असे लिहिलेले असल्यास गावातील कोणालाही तो एकच माणूस वाटेल. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन भिन्न अक्षरमालिका असतात. पूर्वी अशी विसंगती समोरासमोरच्या ओळखीने मिटत असे. आता ती दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तोपर्यंत रक्कम अडकून पडते.

(३) रोजगार हमी : महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी भ्रमणध्वनीवरून, छायाचित्रासह व दिवसातून दोनदा नोंदविणे सक्तीचे करण्यात आले. कागदी हजेरीपटातील खोट्या नावांना आळा घालणे हा यामागील हेतू होता. हा हेतू योग्य असला, तरी जाळे नसलेल्या ठिकाणी नोंद न होण्याचा आणि काम करूनही मजुरी हुकण्याचा धोका त्यातून निर्माण झाला. आपली हजेरी लागली की नाही हे मजुराला स्वतः वाचून पाहता येणे, हे त्यामुळे मजुरीच्या संरक्षणाचे साधन बनले.

(४) गिरण्या, खाणी व कारखाने : धान भरडण्याच्या आधुनिक गिरण्यांत रंगनिवड यंत्रे असतात. त्यांत तांदळाचे दाणे अरुंद पन्हळांतून खाली पडत असताना कॅमेरे प्रत्येक दाण्याचा रंग टिपतात व डागी दाणा हवेच्या झोताने बाजूला उडविला जातो. सुपात तांदूळ घेऊन डागी दाणे व खडे वेचण्याचे जे काम बाया करीत, ते अशा गिरण्यांत उरत नाही. त्याऐवजी यंत्र जुळविणारा, कॅमेऱ्याची काच स्वच्छ ठेवणारा आणि चांगला दाणा वाया जात नाही ना हे पाहणारा कुशल कामगार लागतो. संख्येने हे काम थोडे असते व ते बहुधा त्याच बायांना मिळत नाही. पोलादाच्या भट्टीत तापमान व मिश्रणाचे प्रमाण मोजणारी उपकरणे आणि खाणींतील सर्वेक्षणाची व वजनाची इलेक्ट्रॉनीय साधने यांमुळे अंगमेहनतीच्या कामालाही आकडे वाचण्याची व नोंद ठेवण्याची जोड मिळाली आहे.

(५) हस्तोद्योग : ऐन व अर्जुन या झाडांवर टसरचे किडे पोसणे, कोशातून धागा काढणे, तो विणणे, पितळी भांडे ठोकून घडविणे किंवा विडी वळणे या कामांत बोटांची संवेदना महत्त्वाची असते. ही कामे संगणकाने थेट हिरावलेली नाहीत. त्यांच्यावरील ताण मुख्यतः यंत्रमागाचा कापड-उद्योग, पोलादी व प्लॅस्टिकची भांडी आणि बदलत्या सवयी यांतून आला आहे. संगणकाचा संबंध येतो तो नक्षीचे आरेखन, ग्राहकाशी संपर्क व हिशेब या बाबतींत. विणकराला स्वतः मालाचे छायाचित्र, वर्णन व किंमत दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचविता आली, तर मधल्या व्यापाऱ्यावरील अवलंबन काही अंशी कमी होऊ शकते.

मध्यस्थाचा प्रश्न : कामाचा एक भाग नागरिकाकडे सरकला आणि तो करण्याची क्षमता त्याच्याकडे नसली, की तेथे मध्यस्थ निर्माण होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला प्राप्त झाला आणि ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांमुळे गावातील तरुणांना रोजगारही मिळाला. ही केंद्रे उपयुक्त आहेत. तथापि अर्ज कोणी भरला, त्यात काय लिहिले व संमतीची कळ कोणी दाबली, हे अर्जदारालाच ठाऊक नसेल, तर जुन्या काळातील अर्जनवीसावर अवलंबून राहणाऱ्या निरक्षर पक्षकारापेक्षा त्याची स्थिती फारशी वेगळी राहत नाही. उलट, एकदाच वापरावयाचा सांकेतिक अंक किंवा अंगठ्याचा ठसा दुसऱ्याच्या हाती गेल्यास फसवणुकीचा धोका अधिक असतो. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणे आणि अर्ज न समजणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली सोय आहे. दुसरीतून परावलंबन निर्माण होते.

भाषेची अडचण ही त्यातच मिसळलेली आहे. जिल्ह्यातील अनेक मुले घरी झाडीबोली बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि पडद्यावर इंग्रजी किंवा इंग्रजीवरून केलेली कृत्रिम मराठी त्यांना वाचावी लागते. संगणकावर देवनागरी लिहिण्याची तांत्रिक अडचण बरीच आधी दूर झाली होती. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) भारतीय लिप्यांसाठी केलेले कार्य, १९९१ मधील भारतीय मानक संकेतप्रणाली व इन्स्क्रिप्ट कळफलक आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये झालेला देवनागरीचा अंतर्भाव हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. उरलेली अडचण लिपीची नसून अर्थाची आहे. ‘भोगवटादार’, ‘फेरफार’, ‘प्रमाणीकरण’, ‘संमती’ हे शब्द वाचता येणे व त्यांचा आपल्या जमिनीशी असलेला संबंध कळणे, यांत फार अंतर आहे.

शाळांतील संगणक-शिक्षण : भारतीय शाळांत संगणकाचा पद्धतशीर प्रवेश १९८४ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाद्वारे झाला. निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. थोड्याच वर्षांत ते कालबाह्य झाले. डिसेंबर २००४ पासून केंद्र शासनाची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक शालेय योजना राबविण्यात आली. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व पुढील वर्षी सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरता जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचविली. अनेक शासकीय पदांसाठी ही परीक्षा आवश्यक ठरविण्यात आल्यामुळे तिला मोठा प्रतिसाद मिळाला. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी भ्रमणध्वनी नव्हता किंवा एकच होता व तो वडिलांबरोबर कामावर जात असे, तेथील मुलांचे शिक्षण खुंटले. साधनांतील विषमता त्यामुळे ठळकपणे समोर आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यापासून आज्ञावली-लेखनाचा परिचय, तसेच सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तरविरहित दिवस स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची तरतूद सुचविण्यात आली आहे.

या सर्व प्रयत्नांत ‘यंत्र चालविता येणे’ आणि ‘यंत्राला द्यावयाचे काम समजणे’ अशी दोन उद्दिष्टे मिसळलेली दिसतात. पहिले आवश्यक असले, तरी त्याचे आयुष्य वर दाखविल्याप्रमाणे अल्प असते. कोणती कळ कोठे आहे हे नवे यंत्र आल्यावर काही दिवसांत शिकता येते. दशांश चिन्हाचा अर्थ तेवढ्या वेळात शिकता येत नाही. दुसऱ्या उद्दिष्टाच्या दृष्टीने शाळांनी पुढील कौशल्यांवर भर देणे इष्ट ठरते :

(१) अर्थ समजून वाचणे : पाठ्यपुस्तकातील धड्यांबरोबर सात-बारा, बँकेचे पासबुक, हजेरीपट, वीज-देयक व अर्जाचे नमुने यांचे वाचन मराठीच्या तासाला व्हावे. प्रमाण भाषेतील कार्यालयीन मजकूर आपल्या बोलीत समजावून सांगणे हा त्याचा उत्तम स्वाध्याय होय.

(२) अंदाज व परिमाणांचे भान : ०.८१ हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकर. हीच नोंद चुकून ८.१० हेक्टर झाली, तर ते क्षेत्र वीस एकर होते. यंत्र दोन्ही आकडे सारख्याच निमूटपणे स्वीकारू शकते. आपले शेत दोन एकरांचे आहे व हेक्टर सुमारे अडीच एकरांचा असतो, एवढे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला चूक एका दृष्टिक्षेपात दिसते. यंत्रे आकडेमोड करू लागल्यावर गणिताचे महत्त्व कमी झालेले नाही. उत्तर काढण्याकडून उत्तर पारखण्याकडे ते सरकले आहे.

(३) कामाची पायरीवार मांडणी : एखादे काम क्रमवार टप्प्यांत मांडणे व ‘असे झाले तर काय करावे’ याचा आधीच विचार करणे हा आज्ञावली-लेखनाचा गाभा आहे. त्यासाठी प्रारंभी संगणकाची गरज नसते. परे टाकण्यापासून रोवणीपर्यंतची कामे, किंवा मागावर ताणा लावण्याची रीत, मुलांना अशा पद्धतीने लिहून काढता येते. सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये तयार केलेल्या लोगो या आज्ञाभाषेमागेही यंत्राने मुलाला शिकविण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवावे, असाच विचार होता.

(४) नोंद व वस्तुस्थिती यांची पडताळणी : पडद्यावर दिसते ते खरेच, असा समज सर्वत्र आढळतो. नोंद कोणी केली, केव्हा केली, ती चुकू शकते काय आणि दुरुस्ती कोठे होते, हे प्रश्न विचारण्याची सवय नागरिकशास्त्राचा भाग व्हावी. गुप्त अंक, अंगठ्याचा ठसा व संमती यांचे मोल याच संदर्भात शिकविता येते.

(५) हस्तकौशल्य व सहकार्य : विजेची जोडणी, पंपाची व यंत्राची दुरुस्ती, रुग्णसेवा, बांधकाम, मत्स्यपालन या कामांत दर वेळी परिस्थिती निराळी असते, त्यामुळे ती यंत्राकडे सहज जात नाहीत. अशा कामांना शाळेत दुय्यम स्थान देणे रोजगाराच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

श्रम व ज्ञान यांची सांगड घालण्याचा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची नयी तालीम ही योजना पुढे आली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. चरखा किंवा टकळी हे तीत केवळ सूत काढण्याचे साधन नव्हते. त्यातून गणित, भूगोल व समाजशास्त्र शिकविणे अभिप्रेत होते. संगणकाचा वापरही त्याच रीतीने करता येण्यासारखा आहे. उदा., गावातील मालगुजारी तलावाच्या काठी खुणांचा खांब रोवून विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला पाण्याची पातळी मोजावी, पावसाच्या आकड्यांसह ती संगणकातील तक्त्यात नोंदवावी व आलेख काढावा. आलेखात एखादा आकडा विसंगत दिसला, तर तो मोजण्यातील दोष, लिहिण्यातील चूक की पाट उघडल्याचा परिणाम, हे पाणी वाटणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावे. तलाव बांधणाऱ्या कोहळी व त्यांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाचे पाण्याविषयीचे पिढीजात ज्ञान आणि यंत्रातील नोंद यांची अशा उपक्रमात गाठ पडते. त्यातून वर उल्लेखिलेली पाचही कौशल्ये एकाच वेळी अभ्यासली जातात आणि त्यासाठी संपूर्ण शाळेत एक संगणक पुरेसा होतो.

मर्यादा व अपेक्षा : नियमबद्ध व नियमबाह्य कामांतील सीमारेषा स्थिर नाही. नोव्हेंबर २०२२ नंतर सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या संभाषणक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावली पत्राचा मसुदा, भाषांतर, सारांश व आज्ञावली-लेखन ही पूर्वी सुरक्षित समजली जाणारी कामेही करू लागल्या. त्यामुळे केवळ आज्ञावली-लेखन शिकविल्याने रोजगार निश्चित होईल, असे म्हणता येत नाही. या प्रणाली अस्खलित भाषेत चुकीची माहितीही देऊ शकतात; म्हणून पडताळणीच्या कौशल्याचे महत्त्व वाढलेच आहे. दुसऱ्या बाजूने, बोललेली मराठी समजणारी यंत्रे सुधारत गेल्यास लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही सेवा स्वतः घेता येणे शक्य आहे. मात्र त्यासाठी झाडीबोलीसारख्या बोलींचे पुरेसे नमुने अशा यंत्रांच्या जडणघडणीत समाविष्ट व्हावयास हवेत.

शाळेने सर्व काही साधेल, अशी अपेक्षाही योग्य नव्हे. तांदूळ वेचणाऱ्या बाईचे काम गेले, तर तिच्या मुलीला दिलेले शिक्षण हा तिच्या स्वतःच्या उपजीविकेला पर्याय ठरत नाही. तिच्यासाठी पुनर्प्रशिक्षण व पर्यायी काम यांची तरतूद वेगळी करावी लागते. सदोष नोंदीमुळे अडलेली रक्कम मिळवून देण्याची जबाबदारी नागरिकाच्या साक्षरतेवर सोपवून प्रशासनाला मोकळे होता येत नाही. यंत्रात नोंद नसताना माणसाचे म्हणणे ऐकून निर्णय देणारा अधिकारी गावाच्या आवाक्यात असणे तितकेच आवश्यक आहे. शाळांपुरते पाहता, वीज, जाळे व यंत्रांची देखभाल यांबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण ही पहिली गरज आहे. ज्या गावात घरातील पहिलाच वाचणारा अनेकदा शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असते, तेथे धानखरेदीचा संदेश, खात्यातील रक्कम व सात-बारावरील क्षेत्र घरच्यांना वाचून व पडताळून दाखविणे ही शालेय शिक्षणाची प्रत्यक्ष कसोटी ठरते.